आधी ऋतू, मग कुंडी

‘सुरुवातीला सोपी भाजी कोणती लावू?’ घरी बाग करू पाहणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि रोपवाटिकेत त्याच्या हाती बहुधा टोमॅटोचे नाहीतर ढोबळ्या मिरचीचे रोप पडते. महिना कोणता चालू आहे, घराला ऊन कोणत्या बाजूने आणि किती वेळ येते, हे दोन प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. खरे उत्तर त्या दोहोंतच असते. कोथिंबीर नोव्हेंबरात पेरली तर दीड महिन्यात घरच्या जुड्या निघतात. तीच एप्रिलात पेरली तर कशीबशी उगवते आणि चार पाने धरते न धरते तोच फुलावर जाते. भेंडीचे नेमके उलटे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीला येते. डिसेंबरातल्या नाशिक-पुण्याच्या थंडीत तिचे बी मातीत नुसते पडून राहते, उगवलेच तर रोप टीचभर होऊन थांबते. तेव्हा कोथिंबीर सोपी की भेंडी, याला उत्तर नाही. सोपेपणा भाजीच्या अंगी नसतो, तो भाजी, महिना आणि ऊन यांच्या मेळात असतो. म्हणून या पुस्तकातली प्रकरणे भाज्यांच्या नावांनी न करता महिन्यांच्या नावांनी केली आहेत.

हा मेळ नव्याने शोधावा लागत नाही. आपल्या सणावारांनी तो कधीच जुळवून ठेवला आहे. भाद्रपदात गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा नेम असतो. नांगरटीच्या शेतातले वर्ज्य म्हटल्यावर उरते ते परसात हाताने लावलेले: अळू, लाल माठ आणि त्याचे जाड देठ, भेंडी, पडवळ, शिराळी, तांबडा भोपळा, चवळीच्या शेंगा, मक्याचे कणीस, सुरण. कोकणात आणि मुंबईत त्या सुमारास हे सगळे बाजारात एकत्र, वाट्यावर मिळते. नेम पाळायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण माळ्याच्या नजरेने ही यादी वाचली की ती करणाऱ्यांबद्दल मनात फार आदर दाटतो. मृगाच्या सरींवर, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बी टाकले तर ऋषिपंचमीपर्यंत अडीच ते तीन महिने मिळतात. तेवढ्यात माठ दोनदा निघतो. भेंडीला 45 ते 50 दिवस लागतात, शिराळी आणि पडवळाला साधारण 60 ते 65, तांबड्या भोपळ्याला 90च्या आसपास. अळवाचा कंद तर पावसाळाभर न मागता पाने देत राहतो. एकटे सुरण या हिशेबात बसत नाही, ते सात-आठ महिन्यांचे पीक आहे.

यादीत काय नाही, तेही बघावे. टोमॅटो नाही, कोबी-फ्लॉवर नाही, पालक नाही, मेथी नाही. आषाढ-श्रावणाच्या संततधारेत ज्यांची पाने सडत नाहीत, मुळांशी पाणी साचले तरी ज्यांना लगेच बाधत नाही, आणि ज्या वेली ऊन मिळवण्यासाठी आपण होऊन मांडवावर चढतात, त्याच भाज्या यादीत उरल्या. ज्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली त्यांना आपल्या परसातल्या पावसाची पक्की ओळख होती. पावसाळ्यात पहिली बाग करणाऱ्याने याहून वेगळी यादी शोधत बसू नये, असे मी आग्रहाने सांगते.

हिवाळ्याची यादी भोगीच्या भाजीत आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घाटावर बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर जी मिसळीची भाजी होते, तिच्यात वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा, पावटा असे जे जे घरात असेल ते पडते. यातला घेवडा नवख्या माणसाची फार परीक्षा पाहतो. आषाढात लावलेला त्याचा वेल महिन्याभरात कठडा झाकून टाकतो, पण त्याला फूल म्हणून दिसत नाही. गावरान घेवड्याला आणि वालाला दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय कळी धरत नाही. रात्र मोठी होत गेली की मग कार्तिकापासून घोसच्या घोस लागतात. ‘नुसती पाने माजली’ म्हणून गणपतीतच वेल उपटून टाकणारे कितीतरी भेटतात, आणि दर वेळी जीव हळहळतो. घेवड्याला काही करावे लागत नाही, फक्त थांबावे लागते.

आता उन्हाविषयी. घराची गॅलरी दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात तिथे खोलवर ऊन येते, कारण त्या दिवसांत सूर्य दुपारीही त्या बाजूला कललेला असतो. मे-जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तर काही आठवडे किंचित उत्तरेकडूनही. मग त्याच गॅलरीत वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. म्हणजे एकच जागा जानेवारीत वांग्याला पुरते आणि मेमध्ये पुरत नाही. कुंड्या विकत आणण्याआधी एखादा सुट्टीचा दिवस घरी बसून, दर तासाला ऊन कुठे आहे तिथे खडूने खूण करावी. पाच-सहा तास थेट ऊन असेल तर फळभाजी लावावी, तीन-चार तास असेल तर पालेभाजी. त्याहूनही कमी असेल तर पुदिना, अळू आणि मायाळूवर समाधान मानावे. अंधाऱ्या जागेत काय होते ते आपण दर नवरात्रात पाहतो. घटाखालच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण देवघराच्या मंद उजेडात ते पिवळट, लांबट आणि लुसलुशीत होते. गॅलरीतली मेथी तशी दिसू लागली तर तिला खत नको असते, जागा बदलून हवी असते.

माझे मत असे की नवख्याने पहिली पेरणी दसरा ते दिवाळी या दिवसांत करावी. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सोसवते, आणि पुढचे चार महिने पालेभाज्यांचे असतात. पहिली भाजी मेथी. बी विकत आणायलाही नको, फोडणीच्या डब्यातली चालते. रात्री भिजत घातलेली मेथी सकाळी पेरली की तीन-चार दिवसांत हिरवे टिपके दिसू लागतात, आणि हा वेग पहिल्या वेळी फार धीर देतो. तिला खोल मातीही लागत नाही. मुंबईच्या बाजारातली समुद्रमेथीची इवलीशी जुडी आठवावी. किनाऱ्याजवळच्या रेताड वाफ्यांत ती दाट पेरतात आणि जेमतेम पाने फुटली की मुळांसकट उपटून विकतात. मासळीबाजारात मासळीचे थर्माकोलचे खोके मिळतात. ते धुवून, तळाला भोके पाडून, त्यात चार बोटे माती आणि वाळू घातली की अशी मेथी दोन-अडीच आठवड्यांत काढता येते. पूर्ण वाढलेली जुडी हवी तर वीतभर माती आणि महिनाभराचा अवधी द्यावा.

कोथिंबिरीला जास्त वाट पाहावी लागते. आपण ज्याला धणा म्हणतो त्या एका फळात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने किंवा चपलेच्या तळव्याने हलके रगडून त्याची दोन शकले करायची आणि मग पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून पाहिली की नुकते फुटलेले मूळ तुटते, तेव्हा पेरल्याची तारीख खोक्यावरच लिहून ठेवावी. माठाचे आणि राजगिऱ्याचे बी इतके बारीक की चिमटीतून एका जागी ढीग पडतो. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावे. लाल माठ उन्हाळा-पावसाळ्यातही येतो. गोव्यात त्यालाच तांबडी भाजी म्हणतात, आणि तिथल्या घरांत तिच्यावाचून आठवडा जात नाही. पालक जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापला तर पुन्हा फुटतो, तीन-चार वेळा सहज मिळतो. पुदिन्याच्या बाजारी जुडीतल्या चार काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की आठवड्यात मुळे धरतात. मायाळूचीही नुसती फांदी खोचली तरी पुरते. मोड आलेला कांदा कुंडीत बसवला की पात मिळते. या सगळ्यांना मिळून एक गॅलरी पुरते आणि खर्च जवळजवळ शून्य.

अळवाबद्दल दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत, कारण वाड्यांच्या आणि चाळींच्या मागच्या बाजूला न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू ही आपल्याकडची सर्वांत कमी कष्टाची भाजी होती. पाणी जिरवायचे आणि पाने खायची, दोन्ही कामे एकाच झाडाने होत. काळपट देठाचे ते वडीचे, हिरव्या देठाचे ते फतफत्याचे. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांनी. म्हणून चिंच, आमसूल किंवा ताक घालून नीट शिजवायचे. गच्चीवर तळाला भोके नसलेल्या जुन्या टबातही ते वाढते. मात्र साबणाचे पाणी देणार असाल तर फार तीव्र पावडर वापरू नये.

माती हा विषय या पुस्तकात सर्वांत मोठा झाला आहे, आणि तो छोटा करावासा मला वाटला नाही. घाटावरची काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत ती भिजली की चिकट होते आणि सुकली की भेगाळून कडेने पाणी सोडून देते. नुसती लाल माती दगडासारखी बसते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, पालापाचोळा किंवा भाताचे तूस, हे मिश्रण बहुतेक भाज्यांना मानवते. वजनाचाही विचार हवा. 20 लिटरच्या कुंडीत नुसती माती भरून पाणी दिले तर ती 30 किलोंच्या पुढे जाते. अशा दहा कुंड्या पुढे काढलेल्या गॅलरीच्या कठड्याशी ओळीने ठेवणे धोक्याचे आहे. पाचोळ्याचे प्रमाण वाढवले की हे ओझे पुष्कळ उतरते.

पाचोळ्याची ही वाट महाराष्ट्राला ठाऊक होऊन बराच काळ झाला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे त्यांनी घरचा ओला कचरा आणि झाडांची गळलेली पाने यांपासून सुपीक माती कशी तयार होते, हे शेतकऱ्यांइतकेच शहरातल्या लोकांनाही शिकवले. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथूनच निघणारा भाज्यांचा कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडे वाढवली. सिमेंटच्या गच्चीवर, बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात हे झाले. ज्यांना वाटते की आपल्याकडे जमीन नाही म्हणून बाग नाही, त्यांनी दाभोळकरांचे लेखन मिळवून वाचावे.

पाणी देण्याबाबत एकच कसोटी पुरे: बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे, ओल लागली तर पाणी देऊ नये. गॅलरीतल्या बागा तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात.

मग टोमॅटो लावायचाच नाही का? लावावा, पण पहिल्या हंगामात नव्हे. त्याला मोठी कुंडी लागते, आधाराची काठी लागते, रोप तयार करून ते उचलून लावावे लागते, आणि पाणी एक दिवस कोरडे, एक दिवस चिंब असे झाले की मुळांना कॅल्शियम वेळेवर उचलता येत नाही आणि फळाचे बूड काळे पडून सडते. वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणारी अळी लागते. मिरचीची पाने फुलकिडे आणि कोळी यांनी आकसतात आणि त्यांचा चुरडामुरडा होतो. हे सगळे आवाक्यातले आहे, पण पालेभाजीचे दोन हंगाम हातावेगळे झाले की मगच त्याच्याशी दोन हात करावेत. मिरचीचे एकच रोप ठेवायला हरकत नाही. ते नीट राहिले तर घरापुरत्या मिरच्या वर्षभरही देते.

वेलांसाठी मात्र मी एवढे थांबायला सांगणार नाही, कारण त्यांच्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही. दुधी, दोडका, कारले, काकडी, पडवळ, सगळी एका कुळातली. यांच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नरफुले येऊन गळतात. लोक घाबरतात, खत घालतात, फवारे मारतात. काही बिघडलेले नसते. मादीफूल ओळखायला सोपे: पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढी काकडी किंवा दुधी आधीच दिसतो. नरफुलाखाली नुसता बारीक देठ. वरच्या मजल्यांवर, आसपास झाडी नसली की मधमाश्या येत नाहीत आणि ते इवले फळ पिवळे पडून झडते. तेव्हा नरफूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचे. वेळ मात्र फुलाची पाळायची. काकडी, कारले, घोसाळे आणि तांबडा भोपळा सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी दिवस कलल्यावर, पडवळ त्याहून उशिरा. कामावरून संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी म्हणून दोडका हा फार सोयीचा वेल आहे. दुसऱ्या दिवशी फळ किंचित फुगलेले दिसते. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधायची जुनी पद्धत आजही चालते. तोंडलीचे बी लावू नये, फळ देणाऱ्या वेलाची फांदीच लावावी. बियांतून नर वेल निघण्याची शक्यता असते आणि त्यांना फळ धरत नाही.

किडींचे प्रकरण पुस्तकात आहे, पण छोटे. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार झोत, न गेल्यास निंबोळीची 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारणे, एवढ्याने घरची बाग सांभाळता येते. ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर फवारू नये, तो मावा खातो. शहरात किडीपेक्षा कबुतरे जास्त नुकसान करतात. कोवळ्या मेथीवर जुन्या ओढणीचे किंवा जाळीचे आच्छादन घालावे.

बियाण्यांबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. दुकानातले गुलाबी-निळे रंग चढवलेले बी हे बुरशीनाशक लावलेले असते. हात धुवावेत, आणि ते खाण्यात येऊ देऊ नये. पाकिटावर संकरित लिहिले असेल तर त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. सरळ वाणाचे बी धरता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी अशी आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि पाने पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला ती बऱ्यापैकी तोंड देते. दापोलीच्या विद्यापीठाचा ‘कोकण हरिता’ दोडका आणि ‘कोकण तारा’ कारले किनाऱ्याच्या हवेसाठीच निवडलेले आहेत. आणि याच्याही आधीपासून घराघरांत जपलेली वाणे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्यांचे आणि इतर भाज्यांचे गावरान बी गोळा करून, राखेत आणि मडक्यांत जपून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी हे काम परसातूनच सुरू केले. आपणही एका भेंडीच्या झाडावरची दोन निरोगी फळे न तोडता वाळू दिली की पुढच्या वर्षीचे बी घरचे होते. शेजारी दिले तर गल्लीचे होते.

हे पुस्तक महाराष्ट्र आणि गोव्यातल्या हवेसाठी लिहिले आहे, तरी त्यातही एक हवा नाही. नागपूरच्या मे महिन्यात पालेभाजीला हिरवी जाळी लावल्याशिवाय गत्यंतर नाही. महाबळेश्वरच्या जुलैत उघड्यावर काही पेरूच नये. परदेशातल्या मराठी वाचकांनी महिन्यांची नावे तशीच्या तशी उचलू नयेत. लंडनमध्ये मेच्या मध्यापर्यंत हिमाची भीती असते, आणि उन्हाळ्याचे दिवस इतके लांब की गावरान वालाला कळी धरेपर्यंत थंडी येऊन ठेपते. तिथे मेथी आणि कोथिंबीर उन्हाळ्यात लावावी, जी आपल्याकडे हिवाळ्याची. न्यू जर्सीच्या उकाड्यात मात्र मेअखेरीनंतर लावलेली भेंडी आणि दुधी जोमाने येतात.

मशरूम, मातीविना शेती, ब्रोकोली आणि झुकिनी या पुस्तकात घेतलेली नाहीत. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. ज्याला अजून माठ पेरायचा आहे त्याच्या हाती ती द्यायची घाई नको, म्हणून.

पुस्तक हाती पडेल त्या महिन्याचे पान आधी उघडावे. मे असेल तर पेरणी करू नये. जुनी माती कुंड्यांतून काढून, ओली करून, प्लॅस्टिकच्या कागदाखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापत ठेवावी. जून असेल तर भेंडी, दोडका, माठ आणि अळवाचे कंद. ऑगस्टात वांग्याची रोपे करायला टाकावीत. ऑक्टोबर असेल तर प्रस्तावना इथेच सोडून मेथी भिजत घालावी.